डिप्लॉय झालं की पुन्हा तीच एरर: मेथड रेफरन्स डेटाबेसमध्ये ठेवल्यावर काय काय मोडतं

शुक्रवारी डिप्लॉय करू नये हे आम्हाला माहीत होतं. तरी केलं. रात्री साडेअकराला लॉगमध्ये 'इनव्हॅलिड लॅम्डा डिसिरिअलायझेशन' अशी ओळ दिसायला लागली आणि शनिवारच्या प्रयोगाच्या एकवीस खुर्च्या कुणी पैसे न भरताच अडकून बसल्या. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, कालपर्यंत चालत होतं की!"

आठ महिन्यांत ही तिसरी वेळ होती. दर वेळी कारण वेगळं दिसलं, दर वेळी आम्ही तेवढंच बुजवून मोकळे झालो, आणि पुढच्या रिलीजला येरे माझ्या मागल्या. तिन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे हे तिसऱ्या वेळी कळलं. जावामध्ये इव्हेंट हाताळणारी मेथडच 'वस्तू' म्हणून जपून ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, किंवा ठेवून झालं असेल आणि आता रात्री जागत असाल, तर पुढचं वाचा.

आमची सिस्टीम नाट्यगृहाच्या तिकिटांची. प्रेक्षकाने खुर्ची निवडली की ती पंधरा मिनिटं धरून ठेवायची, पैसे आले नाहीत तर सोडायची. शाळांच्या ग्रुप बुकिंगला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत. म्हणजे 'अमुक वेळेनंतर अमुक मेथड चालव' हे सर्व्हर रीस्टार्ट झाला तरी लक्षात राहायला हवं. मग आम्ही एक टेबल केलं: एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात ब्लॉब, म्हणजे कच्च्या बाइटचा गठ्ठा. ब्लॉबमध्ये सिरिअलाइझ केलेला, म्हणजे साठवता येतील अशा बाइटमध्ये बदललेला, मेथड रेफरन्स (मेथडकडे बोट दाखवणारी वस्तू). कोडमध्ये फक्त एवढंच लिहायचं: क्यू.नंतर(पंधरामिनिटं, धिस::जागासोड). रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. मीही.

(उदाहरणांतली नावं मी मराठीत लिहितोय, खऱ्या कोडमध्ये ती अर्थात इंग्रजीत होती. पण जावाला देवनागरी नावं खरोखर चालतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये असली की कंपायलर कुरकुर करत नाही.)

पहिलं तोंड: नॉटसिरिअलायझेबलएक्सेप्शन

हे लगेच, ब्लॉब लिहितानाच येतं, म्हणून सगळ्यांत कमी त्रासाचं. लॅम्डा (बाण वापरून जागीच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) आणि मेथड रेफरन्स जावा ८ मध्ये, म्हणजे मार्च २०१४ मध्ये आले. ते सिरिअलाइझ होणार की नाही हे ठरतं ज्या इंटरफेसच्या जागी ते बसवलेत त्यावरून. रनेबल, कन्झ्युमर, फंक्शन यांतलं कुणीच सिरिअलायझेबल नाही. त्यामुळे आपला एक इंटरफेस करावा लागतो, जो कन्झ्युमर आणि सिरिअलायझेबल दोन्ही एक्स्टेंड करतो. नाहीतर त्या जागीच दोन्ही टाइप अँपरसँडने जोडून कास्ट करायचा. वाडिनसारख्या फ्रेमवर्कमध्ये सिरिअलायझेबलकन्झ्युमर, सिरिअलायझेबलफंक्शन असे तयार इंटरफेस याचसाठी दिलेले असतात.

इथे एक घोटाळा हमखास होतो. साधा कन्झ्युमर म्हणून बनलेला रेफरन्स हातात आल्यावर त्याला मागाहून कास्ट करून काही होत नाही. रेफरन्स जिथे लिहिला त्या ओळीला कंपायलर निर्णय घेतो, नंतर नाही. मधल्या एखाद्या हेल्पर मेथडच्या पॅरामीटरवर साधा कन्झ्युमर लिहिलेला असेल तर तिथेच सगळं ओमफस्.

इंटरफेस सुधारला की तेच एक्सेप्शन परत येतं, फक्त या वेळी त्यात भलत्याच क्लासचं नाव असतं. आमच्याकडे कनेक्शन पूलचं होतं. मेथडचा आणि पूलचा संबंध काय? संबंध 'धिस' या शब्दाचा. धिस::जागासोड लिहिलं की ती ओळ ज्या ऑब्जेक्टमध्ये चालते ते अख्खं ऑब्जेक्ट रेफरन्सच्या पोटात जातं. ऑब्जेक्टच्या पोटात रिपॉझिटरी, तिच्या पोटात पूल, पूलच्या पोटात थ्रेड. एका मेथडचं नाव ठेवायला गेलो आणि सगळा संसार ट्रकमध्ये चढला. साखळी नेमकी कुठून कुठे गेली ते पाहायचं असेल तर जेव्हीएम सुरू करताना सन.आयओ.सिरिअलायझेशन.एक्स्टेंडेडडीबगइन्फो ही प्रॉपर्टी ट्रू करा. स्टॅक ट्रेसमध्ये कोणत्या फील्डमधून कोणत्या फील्डमध्ये शिरला त्याची पूर्ण वाट छापली जाते.

आमचा पहिला उपाय चुकीचा होता. रिपॉझिटरीच्या फील्डला ट्रान्झियंट (हे फील्ड सिरिअलाइझ करू नको अशी खूण) लावलं. एक्सेप्शन गेलं, टेस्ट हिरव्या झाल्या. पंधरा मिनिटांनी ब्लॉबमधून उठलेल्या ऑब्जेक्टमध्ये ते फील्ड नल, आणि नलपॉइंटरएक्सेप्शन भलत्याच थ्रेडमध्ये, भलत्याच वेळी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ट्रान्झियंटने लक्षण लपतं, रोग पुढे ढकलला जातो.

बरा उपाय असा: धिस:: च्या जागी बुकिंगसेवा::जागासोड लिहा आणि इंटरफेस दोन पॅरामीटरचा करा, पहिला सेवा, दुसरा इव्हेंट. आता रेफरन्स कुणालाच पोटात घेत नाही. चालवायच्या वेळी सेवा कंटेनरकडून (सेवांची ऑब्जेक्ट बनवून देणाऱ्या फ्रेमवर्ककडून) मागायची आणि पहिला पॅरामीटर म्हणून द्यायची. स्प्रिंग फ्रेमवर्क वापरत असाल तर आणखी एक फायदा: कंटेनरकडून प्रॉक्सी (मधला मध्यस्थ ऑब्जेक्ट) मिळते, त्यामुळे मेथडवरचं ट्रान्झॅक्शन लागू होतं. धिस धरून ठेवलं होतं तेव्हा प्रॉक्सी बाजूलाच राहत होती, आणि ते आम्हाला कित्येक दिवस कळलंही नव्हतं.

दुसरं तोंड: इनव्हॅलिड लॅम्डा डिसिरिअलायझेशन

हेच ते शुक्रवारचं. इललीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन येतं आणि मेसेजमध्ये एवढेच तीन शब्द. कोणता लॅम्डा, कुठला क्लास, काही नाही.

रात्री दीडच्या सुमारास मी एक ब्लॉब फाइलमध्ये उतरवला आणि उघडून पाहिला. सुरुवातीचे चार बाइट एसी, ईडी, ००, ०५: जावाच्या सिरिअलायझेशनची ओळखखूण. पुढे फाइलभर मेथडचा कोड असेल असं कुठेतरी मनात धरून बसलो होतो. कोडचा एक बाइट नव्हता. होती ती साधी, डोळ्यांनी वाचता येणारी अक्षरं: जावा.लँग.इन्व्होक.सिरिअलाइझ्डलॅम्डा, मग आमच्या क्लासचं नाव, इंटरफेसचं नाव, मेथडची सही (पॅरामीटरचे आणि परत येणाऱ्या मूल्याचा टाइप), आणि मेथडचं नाव. मेथडचं जुनं नाव. सकाळी एका सहकाऱ्याने आयडीईमध्ये रीनेम केलं होतं, कारण 'सोड' हे नाव त्याला उद्धट वाटत होतं.

आत काय चालतं ते समजलं की उरलेलं आपोआप सुटतं. सिरिअलायझेबल लॅम्डा लिहिली जाताना रनटाइमने बनवलेला तिचा क्लास राइटरिप्लेस मेथडमधून स्वतःच्या जागी एक सिरिअलाइझ्डलॅम्डा ऑब्जेक्ट पुढे करतो. त्यात फक्त पत्ता असतो: रेफरन्स कोणत्या क्लासात लिहिला, कोणत्या इंटरफेससाठी, प्रत्यक्ष मेथड कोणत्या क्लासची, तिचं नाव आणि सही, आणि पकडून ठेवलेली आर्ग्युमेंट्स. वाचताना उलटं: ज्या क्लासात रेफरन्स लिहिला होता त्या क्लासाच्या एका छुप्या मेथडला हाक मारली जाते. तिचं नाव डीसिरिअलाइझलॅम्डा, आगेमागे डॉलरचं चिन्ह. ती कंपायलरने आपणहून घातलेली असते. जावापी कमांडला पी हा पर्याय देऊन क्लास फाइल पाहा, दिसेल. ही मेथड म्हणजे एक लांबलचक तुलना आहे: नाव हे, सही ही, इंटरफेस हा, असं असेल तर हा रेफरन्स बनवून दे. कशाशीच जुळलं नाही तर शेवटी ते तीन शब्द फेकते.

म्हणून मेथडचं नाव बदललं की मोडतं, पॅरामीटरचा टाइप बदलला की मोडतं, इंटरफेस दुसऱ्या पॅकेजमध्ये हलवला की मोडतं. क्लासच हलवला तर क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन, ते निदान समजतं तरी. तो क्लास स्वतः सिरिअलायझेबल असेल आणि त्यात सिरिअलव्हर्जनयूआयडी लिहिलेला नसेल, तर साधी पब्लिक मेथड वाढवली तरी इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन.

सगळ्यांत फसवा प्रकार वेगळाच आहे, आणि दुसऱ्या वेळी आम्ही त्यातच अडकलो होतो. मेथड जागेवर आहे, नाव तेच, सही तीच, तरीही तीच एरर. कारण मेथड होती, पण तिचा रेफरन्स जिथे लिहिला होता ती ओळ रिफॅक्टरिंगमध्ये दुसऱ्या क्लासात गेली होती. जुना ब्लॉब जुन्या क्लासाच्या छुप्या मेथडला विचारतो, आणि तिच्यात फक्त त्याच क्लासात लिहिलेल्या रेफरन्सची नोंद असते. कुरिअरवाला घर बरोबर शोधत आला, पण दारावरची पाटी शेजाऱ्याने काढून नेली, असं काहीसं.

मेथड रेफरन्स निदान नावावर तरी चालतो. बाणाची लॅम्डा लिहिलीत तर हाल आणखी. तिच्या अंगाची मेथड कंपायलर स्वतः बनवतो आणि नावही स्वतःच ठेवतो. सिरिअलायझेबल लॅम्डासाठी जावासी (जावाचा नेहमीचा कंपायलर) त्या नावात एक हॅश घालतो. हेतू चांगला आहे, नाव शक्यतो टिकावं. पण आजूबाजूचा कोड बदलला की ते बदलू शकतं. इक्लिप्सचा कंपायलर तर वेगळ्याच पद्धतीने नावं ठेवतो. म्हणजे इक्लिप्समधून चालवून तयार केलेला ब्लॉब मेव्हनने बांधलेल्या बिल्डला वाचता येईलच असं नाही. 'माझ्या मशीनवर चालतंय' या वाक्याला इथे खरोखर तांत्रिक आधार आहे. शिवाय काही मेथड रेफरन्सही जावासी गुपचूप लॅम्डामध्ये बदलतो: सुपर:: लिहिलं, मेथड व्हरार्ग्जची असली, ॲरेच्या कन्स्ट्रक्टरचा रेफरन्स घेतला की.

एकवीस खुर्च्यांवर त्या रात्री केलेला उपाय: जुन्या नावाची मेथड परत आणली, आत फक्त नव्या मेथडला कॉल. आणि त्याच क्लासात एक प्रायव्हेट मेथड लिहिली, जी कधीच कुणी बोलावत नाही, पण जिच्यात जुन्या रेफरन्सची ओळ तशीच्या तशी आहे, त्याच इंटरफेससाठी. ती चालायची गरज नाही. कंपाइल झाली की छुप्या मेथडमध्ये नोंद लागते. वर भली मोठी कॉमेंट लिहा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी 'डेड कोड' म्हणून साफ करेल. पंचवीस मिनिटांत खुर्च्या सुटल्या.

तिसरं तोंड: सिरिअलाइझ्डलॅम्डाचा क्लासकास्टएक्सेप्शन

मेसेज साधारण असा: कॅनॉट असाइन इन्स्टन्स ऑफ जावा.लँग.इन्व्होक.सिरिअलाइझ्डलॅम्डा टू फील्ड, आणि पुढे आपल्याच क्लासाचं फील्ड. स्पार्क (मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारी प्रणाली) वापरणाऱ्यांच्या हा ओळखीचा. तिथे बहुतेक वेळा आपला जार (क्लास फाइल्सचा गठ्ठा) काम करणाऱ्या एक्झिक्युटरपर्यंत पोचलेला नसतो, मूळ क्लास सापडत नाही आणि खरी तक्रार दिसण्याऐवजी ही दिसते. जार आधी तपासा.

आमच्याकडे जार एकच होता. मग? आमच्या एका छोट्या क्लासात, सीटहोल्डमध्ये, असं लिहिलं होतं: धिस.मुदतसंपली = धिस::मोकळीकर. ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये लिसनर (इव्हेंट आला की चालणारी मेथड), आणि लिसनरच्या पोटात तेच ऑब्जेक्ट. गोल. गंमत म्हणजे हे कधी चालायचं, कधी नाही.

कागदावर काढून पाहिल्यावर उलगडलं. ऑब्जेक्टपासून लिहायला सुरुवात केली तर: ऑब्जेक्ट, मग फील्डमधली लॅम्डा, तिच्या जागी सिरिअलाइझ्डलॅम्डा, तिच्या पोटात ऑब्जेक्टकडे परत बोट. वाचताना लॅम्डाचा पत्ता पूर्ण वाचून झालेला असतो, त्यातून खरी लॅम्डा बनते, ती फील्डमध्ये बसते. सगळं ठीक. पण आमची क्यू थेट लॅम्डाच लिहीत होती. तेव्हा क्रम उलटा: आधी सिरिअलाइझ्डलॅम्डा, पोटात ऑब्जेक्ट, ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये पुन्हा तीच लॅम्डा. स्ट्रीमला आठवतं की ही तर लिहून झाली, म्हणून तो फक्त मागे बोट दाखवतो. वाचताना ते बोट अर्धवट वाचलेल्या सिरिअलाइझ्डलॅम्डाकडे जातं. तिचं खऱ्या लॅम्डात रूपांतर करणारी रीडरिझॉल्व्ह ही मेथड सगळं वाचून झाल्यावरच चालते. तोवर फील्डमध्ये लॅम्डाऐवजी तिचा पत्ताच बसवायचा प्रयत्न झालेला असतो, आणि टाइप जुळत नाही.

हा जावाचा बग म्हणावा का यावर आमच्याकडे चहा घेता घेता बराच वाद झाला. सिरिअलायझेशनच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की ऑब्जेक्ट पूर्ण बांधून होईपर्यंत रीडरिझॉल्व्ह बोलावली जात नाही, आणि आतल्या आत त्याच्याकडे आलेली बोटं बदलली जात नाहीत. तेव्हा गोल तोडणं आपल्याच हाती. लिसनरचं फील्ड काढून टाका, नाहीतर ते ट्रान्झियंट करून रीडऑब्जेक्टमध्ये नव्याने भरा. इथे ट्रान्झियंट योग्य आहे, कारण परत भरायची सोय आपण करतोय.

ज्याला एक्सेप्शनच नाही तो प्रकार

एका प्रेक्षकाची तक्रार आली: खुर्ची सुटल्याचा एसएमएस दोनदा आला. लॉग स्वच्छ. रीस्टार्ट झाल्यावर लिसनर ब्लॉबमधून उठत होता आणि सुरुवातीचा कोडही तोच लिसनर परत नोंदवत होता. आम्ही नोंदवण्याआधी काढून टाकायचो, रिमूव्ह(धिस::एसएमएसपाठव) असं लिहून. पण धिस::एसएमएसपाठव दोनदा लिहिलं की दोन वेगळी ऑब्जेक्ट बनतात, आणि इक्वल्सने ती सारखी ठरतील अशी कुठलीही हमी भाषा देत नाही. डिसिरिअलाइझ होऊन आलेला तर तिसराच. त्यामुळे रिमूव्ह कधी काही काढतच नव्हता, सेट वापरूनही जुळे राहत होते. नोंदवताना एक आयडी परत द्या आणि काढताना तो मागा. मेथड रेफरन्सवर तुलना करायच्या भानगडीत पडू नका.

फिल्टरचंही एका ओळीत: जावा ९ पासून डिसिरिअलायझेशन फिल्टर आहेत. परवानगीच्या यादीत फक्त आपली पॅकेजेस लिहिलीत तर सिरिअलाइझ्डलॅम्डा त्यात नसतो आणि 'रिजेक्टेड' येतं. तो क्लास यादीत घालावा लागेल. पण घालण्याआधी विचार करा, बाहेरून आलेले बाइट तुमच्या क्लासातल्या मेथडला हाक मारू शकतील अशी ती खिडकी आहे. त्या टेबलात दुसरं कोण लिहू शकतं हे आधी पाहा.

आता आमच्याकडे काय आहे

ब्लॉबमध्ये जर शेवटी नावच असतं, तर ते नाव आपण ठरवलेलं का नसावं? आता रकाना मजकुराचा आहे: 'जागा-सोड-१' असं कामाचं नाव, आणि शेजारच्या रकान्यात जेसनमध्ये बुकिंग क्रमांक आणि प्रयोगाचा क्रमांक. सर्व्हर उठताना एक मॅप भरला जातो, नाव ते मेथड रेफरन्स. तिथे धिस:: बिनधास्त वापरतो, कारण तो रेफरन्स मेमरीबाहेर कधी जातच नाही. मेथडला हवं ते नाव द्या, क्लास हलवा, लॅम्डा करा, टेबलाला त्याची खबरही लागत नाही. नावामागचा एक आकडा पॅरामीटर बदलल्यावर वाढवायचा.

ही कल्पना आमची नाही. स्प्रिंग मॉड्युलिथही अपुऱ्या राहिलेल्या इव्हेंटची नोंद ठेवताना लिसनरचा मजकुरी आयडी आणि सिरिअलाइझ केलेला इव्हेंट असंच ठेवतं. मात्र तिथे आपण आयडी दिला नाही तर क्लास आणि मेथडच्या नावावरून तो बनतो, म्हणजे रीनेमचं भूत तिथेही आहे. आयडी स्वतः द्या. आणि जावाबीन्सच्या जमान्यातला इव्हेंटहँडलर कुणाला आठवत असेल तर तोही टार्गेट ऑब्जेक्ट आणि मेथडचं नाव मजकूर म्हणून धरतो. जावा १.४ पासून आहे तो.

सुरुवातीला उठताना आणखी एक तपासणी टाकली: टेबलात शिल्लक असलेली सगळी वेगवेगळी नावं काढायची, आणि त्यातलं एखादं मॅपमध्ये नसेल तर सर्व्हरने उठायलाच नकार द्यायचा. यामुळे एकदा मंगळवारी दुपारी डिप्लॉय अडकलं, मॅनेजर वैतागला. पण दुपारी अडकलं, रात्री साडेअकराला नाही.

जुने ब्लॉब एका फटक्यात बदलता आले नाहीत. सिरिअलाइझ्डलॅम्डा वाचला की रीडरिझॉल्व्ह चालणारच, त्यामुळे नुसता पत्ता सरळ हातात येत नाही. आम्ही नव्या नोंदी नव्या रकान्यात टाकायला लागलो आणि जुना वाचणारा कोड, ती कधीच न चालणारी प्रायव्हेट मेथड धरून, एक रिलीज तसाच ठेवला. सर्वांत लांबची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारची होती, म्हणून दोन दिवसांत जुना रकाना आपोआप रिकामा झाला. तुमच्याकडे महिन्याभराच्या मुदती असतील तर तेवढा काळ ती कॉमेंट जपा.